सहा-नऊचा घरगुती कॅमेरा : चौदा रोल वापरल्यानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय ज्या वस्तूविषयी आहे ती कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही. एक जुने जर्मन भिंग, एक जुना अमेरिकन रोल होल्डर (मागे फिल्म धरणारा डबा), एक चिनी बनावटीचे हेलिकॉइड (फोकससाठी भिंग पुढे-मागे सरकवणारी आट्यांची रिंग) आणि पुण्यातल्या एका थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून छापून घेतलेली काळी पेटी, असे चार भाग जुळवून मी १२० रोलवर सहा बाय नऊ सेंटिमीटरचे निगेटिव्ह देणारा कॅमेरा बांधला. गेल्या वर्षभरात त्यातून चौदा रोल, म्हणजे ११२ फ्रेम, काढून झाल्या. असा कॅमेरा बांधावा का, आणि बांधायचा तर पैसा आणि कष्ट कुठे घालावेत, असा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी प्रत्येक भागाबद्दलचे मत येथे नोंदवत आहे. माझ्या मते पेटीवर सर्वांत कमी खर्च करावा, आणि भिंग व फिल्म यांच्यामधल्या अंतरावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. मी स्वतः सुरुवातीला याच्या नेमके उलट केले.

१२० रोल कोडॅकने १९०१ साली बाजारात आणला आणि तो आजही मिळतो. मागे काळा कागद, त्यावर छापलेले आकडे आणि एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाणारी फिल्म, ही रचना तेव्हापासून जवळपास तशीच आहे. आपल्याकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री ज्यांच्या घरात होता, त्यांच्या मुंजी-बारशांचे चौकोनी फोटो याच रोलवर निघालेले आहेत. त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो येत, तर सहा-नऊमध्ये आठच येतात. ५६ बाय ८४ मिलिमीटरच्या फ्रेमचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या फ्रेमच्या साधारण साडेपाचपट भरते, आणि माझा सगळा खटाटोप या साडेपाचपटीसाठी आहे. ज्यांना तयार कॅमेरा हवा आहे त्यांनी फुजीचा जीडब्ल्यू ६९० पाहावा. त्यातही ९० मिलिमीटरचेच भिंग आहे, ते एफ ३.५ चे आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे), शिवाय अंतर पाहून फोकस जुळवणारा रेंजफाइंडर आहे. मात्र तो घेण्याइतकी रक्कम एकदम काढणे मला जमणार नव्हते. भाग एकेक करून जमवता येतात, हा घरगुती कॅमेऱ्याचा मोठाच फायदा आहे.

आधी भिंगाबद्दल. मी श्नायडरचे ९० मिलिमीटर, एफ ६.८ अँग्युलॉन निवडले. जर्मनीतील बाड क्रॉइत्सनाख येथे तयार झालेले हे भिंग मुळात मोठ्या शीट-फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेले आहे, त्यामुळे सहा-नऊच्या फ्रेमसाठी त्याच्या प्रतिमेचा फक्त मधला, चांगला भाग वापरला जातो. आकार इतका लहान की मुठीत मावते. फिल्टर ४०.५ मिलिमीटरचा लागतो. सहा काचा दोन गटांत चिकटवलेल्या असल्यामुळे हवा आणि काच यांच्या सीमा केवळ चार उरतात, आणि म्हणून जुने साधे कोटिंग असूनही उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत धुरकटपणा अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. एफ ६.८ हे छिद्र दुधी काचेवर पाहून फोकस करण्यापुरते आहे, असे समजावे. एफ १६ वर कोपऱ्यापर्यंत समाधानकारक रेखीवपणा मिळतो आणि एफ २२ वर तक्रारीला जागा उरत नाही. ज्यांना पार्श्वभूमी विरघळवून चेहऱ्यांचे फोटो काढायचे आहेत, त्यांच्यासाठी हे भिंग नाही.

घरगुती कॅमेऱ्यासाठी भिंग निवडताना काचेइतकेच महत्त्व शटरला आहे. अँग्युलॉनसारख्या भिंगात पात्यांचे शटर भिंगाच्या आतच असते, त्यामुळे पेटीत कसलीही यंत्रणा बसवावी लागत नाही. पेटीच्या तोंडाला सुमारे ३५ मिलिमीटरचे भोक पाडायचे, मागून रिंग आवळायची, की शटर, छिद्र आणि काच एकदम बसतात. मात्र ज्या विक्रेत्याकडून मी हे घेतले त्याने ‘सर्व वेग अचूक’ असे लिहिले होते, आणि प्रत्यक्षात एक सेकंदाचा वेग दोन सेकंद रेंगाळत होता. जुने शटर घरीच तपासता येते. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचे स्लो मोशन लावावे, शटरच्या मागे दिवा ठेवावा आणि पाती किती चित्रांत उघडी दिसतात ते मोजावे. तिसांश सेकंदासाठी आठ चित्रे यायला हवीत, माझ्याकडे तेरा आली. शहरातल्या एका जुन्या कॅमेरा-कारागिराने शटर उघडून, सुकलेले तेल काढून, चार दिवसांत परत दिले. आता आठ किंवा नऊ चित्रे येतात. या कारागिराच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. विक्रेत्याला अर्थात नाहीत.

रोल होल्डर हा भाग घरी बनवण्याच्या फंदात पडू नये. फिल्म सपाट धरणे, प्रत्येक वेळी नेमकी एक फ्रेम पुढे सरकवणे आणि मध्येच फिल्म बाजूला काढता यावी म्हणून उजेड अडवणारी डार्क स्लाइड, ही तिन्ही कामे त्यात एकत्र येतात, आणि ती करणारे उत्तम जुने होल्डर अजून मिळतात. मी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर येथील ग्राफ्लेक्स कंपनीचा आरएच-८ घेतला. नावातला आठ म्हणजे आठ फ्रेम. सहा-सातसाठी आरएच-१० आणि चौकोनी फ्रेमसाठी आरएच-१२ अशी त्याची भावंडे आहेत. कागदावरचा बाण खुणेशी जुळवायचा, झाकण लावायचे आणि एक आकडा येईपर्यंत फिरवायचे, एवढे सोपे काम आहे. लाल खिडकीतून आकडे पाहत बसावे लागत नाही. घरगुती पेटीत उजेडाची एक वाट कमी होते, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. माझ्या होल्डरबरोबर डार्क स्लाइड आलीच नाही. विक्रेत्याने पैसे परत करायची तयारी दाखवली, पण स्लाइड मात्र दिली नाही. शेवटी पातळ स्टेनलेस स्टीलचा पत्रा कापून मी ती घरीच केली, आणि पहिल्या पत्र्याच्या कडा नीट न घासल्यामुळे होल्डरच्या फटीतील मखमल थोडी ओरबाडून घेतली. कडा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात, हा धडा त्या मखमलीच्या मोबदल्यात मिळाला.

एक बारकावा येथेच सांगतो, कारण तो कळायला मला चार रोल लागले. फ्रेम काढल्याबरोबर फिल्म पुढे सरकवून ठेवू नये. पुढचा फोटो काढायच्या क्षणी सरकवावी. होल्डरमध्ये फिल्म रोलरवरून वळसा घेऊन आलेली असते, आणि तासन् तास एका जागी राहिली की त्या वळणाजवळचा भाग किंचित फुगतो. माझ्या पहिल्या रोलांमध्ये फ्रेमच्या एका बाजूला जो मवाळपणा दिसत होता, त्याचा दोष मी उगाचच भिंगाला दिला होता.

आता पेटी. आराखडा मी स्वतः संगणकावर केला आणि छपाई एका स्थानिक सेवेकडून करून घेतली. त्या सेवेचे नाव देत नाही. अनुभव संमिश्र आहे. फोनवर बोलणे नम्र होते, दिलेली तारीख पाळली गेली आणि दरही वाजवी होता. परंतु पहिली पेटी त्यांनी नेहमीच्या शोभेच्या वस्तूंसारखी, बाहेरच्या भिंतीला दोनच थर देऊन छापली. रात्री न्हाणीघरात दिवे बंद करून पेटीच्या आत मोबाइलची बॅटरी लावली, तेव्हा कोपऱ्यांतून लालसर उजेड पाझरताना दिसला. काळे प्लास्टिक म्हणजे अपारदर्शक प्लास्टिक, हा समज तिथेच संपला. अशी पेटी छापून घेताना भिंतीला किमान चार थर आणि एकूण तीन मिलिमीटर जाडी हवी, असे लेखी कळवावे. दुसरे म्हणजे माल कोणता वापरायचा हे स्वतः सांगावे. नेहमी वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढे तापमान सहज होते. माझी पहिली पेटी अशीच एका दुपारी गाडीत राहिली आणि संध्याकाळी तिचे मागचे तोंड कॅलिपरने मोजले तेव्हा दोन बाजूंत ०.७ मिलिमीटरचा फरक निघाला. यात छापणाऱ्याचा काहीच दोष नाही. दुसरी पेटी पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये करून घेतली. तिचा एक कोपरा छपाईतच उचलला गेला होता, तेव्हा सेवेने कुरकुर न करता निम्म्या दरात नवी दिली. तरीही मागचे तोंड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हाताने घासावेच लागले.

लाकूडही चालले असते, हे मान्य करायला हवे. केरळातल्या अलप्पुळ येथे तयार होणारे वागीश्वरी कॅमेरे सागवानाचे होते आणि देशभरातल्या स्टुडिओंमध्ये त्यांनी कित्येक वर्षे काम केले. सागवान गाडीत वाकत नाही. माझ्या ओळखीच्या सुतारकाकांनी आराखडा पाहून, ‘साहेब, दोन सुतांपर्यंत सांगा, हे केसाएवढं आमच्याच्यानं नाही होणार,’ असे प्रामाणिकपणे सांगितले आणि विषय मिटला.

पेटी आतून काळी करणे हे मी गृहीत धरलेले सर्वांत सोपे काम होते. मॅट काळा स्प्रे समोरून पाहिला तर काळा दिसतो, पण तिरप्या कोनातून, म्हणजे भिंगातून येणारा उजेड ज्या कोनाने भिंतीवर पडतो त्याच कोनातून, तो चक्क चकाकतो. परिणामी पहिल्या दोन रोलांत आकाश असलेल्या प्रत्येक फ्रेमच्या मध्यभागी फिकट पट्टा आला. तुळशीबागेच्या परिसरातल्या एका कापडाच्या दुकानातून काळ्या मखमलीचा तुकडा आणून आत चिकटवला आणि पट्टा नाहीसा झाला. त्या जागी आल्या बारीक तंतूंच्या काळ्या रेघा, कारण मखमलीच्या कापलेल्या कडांतून सुटलेले तंतू फिल्मवर बसत होते आणि तेवढ्या जागी उजेड पोहोचत नव्हता. कापडाच्या कडांना फेव्हिकॉलचे बोट फिरवून सुकवल्यावर तोही त्रास थांबला. मखमलीचा तुकडा सव्वाशे रुपयांचा होता, आणि चित्राच्या दर्जात भिंगानंतर सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला.

यापुढचा भाग मात्र संयमाचा आहे. भिंग आणि फिल्म यांच्यातले अंतर किती अचूक हवे, याचा हिशेब अवघड नाही. ९० मिलिमीटरचे भिंग अनंत अंतरावर फोकस असताना ज्या जागी असते, तिथून ते अर्धा मिलिमीटर पुढे आले तर फोकस अनंताऐवजी सोळा मीटरवर येतो. म्हणजे पेटी केवळ अर्ध्या मिलिमीटरने लांब झाली तर समोरचा डोंगर कधीच रेखीव येणार नाही. थ्रीडी छपाईत एवढा फरक ही रोजची बाब आहे. म्हणून मी दुसरी पेटी मुद्दाम एक मिलिमीटर आखूड काढली, आणि उरलेले अंतर भिंगाच्या फळीखाली पातळ चकत्या घालून भरायचे ठरवले.

त्यासाठी दुधी काच लागते. फोटोफ्रेमच्या दोन मिलिमीटरच्या काचेचे दोन तुकडे, मध्ये चिमूटभर सहाशे नंबरचे कार्बोरंडम आणि थोडे पाणी घेऊन वीस मिनिटे गोल गोल घासले की काच एकसारखी दुधी होते. तो घरघर आवाज घरातल्यांना सोसावा लागतो. घासलेली बाजू भिंगाकडे ठेवायची आणि ती होल्डरमधल्या फिल्मच्या नेमक्या पातळीवर यायला हवी. होल्डरच्या तोंडापासून फिल्मच्या कडांपर्यंतची खोली मी कॅलिपरच्या मागच्या सळईने पाच ठिकाणी मोजली आणि काचेची चौकट तेवढीच खोल केली. मग रात्री गच्चीवर तिवई लावून सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा काचेवर आणला. भिंग पूर्ण उघडे, डोळ्याला घड्याळजीचे भिंग आणि अंगावर काळी शाल. एका कागदाची जाडी साधारण एकदशांश मिलिमीटर असते, त्यामुळे झेरॉक्सच्या कागदाच्या कडी कापून एकेक वाढवत गेलो. पाच कागदांवर दिवा गोळ्यासारखा दिसत होता, सहांवर लहान झाला, सातांवर टाचणीच्या टोकाएवढा झाला आणि आठांवर पुन्हा फुलला. कागद दमट हवेत फुगतो, म्हणून नंतर लेथवाल्याकडून ०.७ मिलिमीटरची पितळी चकती करून बसवली. त्या रात्रीचे दोन तास हेच या कॅमेऱ्याचे खरे बांधकाम. बाकी सगळी जुळवाजुळव.

हेलिकॉइड हे १७ ते ३१ मिलिमीटर लांबणारे, एम ६५ आट्यांचे आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ते घट्ट, सुरळीत आणि दराच्या मानाने उत्तम आहे. त्याच्या चौदा मिलिमीटरच्या सरकण्यात अनंतापासून साधारण ६७ सेंटिमीटरपर्यंत फोकस जातो. अंतरांच्या खुणा गणिताने काढता येतात: पाच मीटरसाठी भिंग १.६५ मिलिमीटर पुढे यावे लागते, तीन मीटरसाठी २.७८ आणि दोन मीटरसाठी ४.२४. या खुणा मी कागदी पट्टीवर लिहून चिकटवल्या आहेत. उन्हात फारशी मोजमापे करायची गरजही पडत नाही. एफ २२ वर सव्वासहा मीटरवर फोकस ठेवला तर सुमारे तीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे रेखीव येते. दृश्य पाहण्यासाठी ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांचा जुना ३५ मिलिमीटरचा फाइंडर वर बसवला आहे. दोन्ही फ्रेमचे लांबी-रुंदीचे प्रमाण तेच असल्यामुळे तो चालतो. दाखवतो थोडे जास्त, एवढे ध्यानात ठेवायचे. तिवईसाठी तळाला हार्डवेअरच्या दुकानातला पाव इंची बीएसडब्ल्यू नट बसवला आहे. इंचाला वीस आटे असल्यामुळे तिवईचा स्क्रू त्यात बसतो आणि खास वस्तू मागवावी लागत नाही.

वापराच्या बाबतीत हा कॅमेरा कोणतीही चूक माफ करत नाही. फिल्म पुढे सरकवणे आणि शटर चढवणे यांचा एकमेकांशी काही संबंध नसल्यामुळे एकाच फ्रेमवर दोन फोटो येऊ शकतात, आणि डार्क स्लाइड काढायची राहिली तर काहीच येत नाही. ११२ फ्रेमपैकी सात दुहेरी झाल्या आणि अकरा कोऱ्या निघाल्या. यातील बहुतेक पहिल्या पाच रोलांतल्या आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मी सकाळी एक पूर्ण रोल काढला. वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा, पायऱ्या, कृष्णेचे संथ पाणी, सगळे मनासारखे जुळले होते. घंटेच्या तीन फ्रेम काढून झाल्यावर स्लाइड अजून आतच आहे हे लक्षात आले. चौथी मात्र आली, आणि तिच्या मोठ्या प्रिंटमध्ये घंटेच्या कडेवरची झीज आणि मागच्या भिंतीतल्या दगडांवरचे टाकीचे घाव सुटे सुटे मोजता येतात. माझ्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यातून त्याच जागेचे जे फोटो पूर्वी काढले होते, त्यांत हे घाव नुसता पोत म्हणून उरले आहेत.

फिल्म मी मुख्यतः इलफर्ड एचपी ५ प्लस वापरली. ४०० ची गती असल्यामुळे एफ २२ वर सावलीतही तिवईवर काम भागते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आज असता तर खर्चाचे गणित वेगळे झाले असते. आता प्रत्येक रोल आयात केलेलाच घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही. एका लॅबने दोन रोल धुताना निगेटिव्हवर पाण्याचे डाग पाडले, तेव्हापासून मी घरीच डी-७६ हे डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ करून वीस अंशांवर अकरा मिनिटे डेव्हलप करतो. मे महिन्यात पुण्यात नळाचे पाणी वीस अंशांवर आणण्यासाठी बर्फाची परात लागते.

खर्च असा झाला: भिंग साडेसोळा हजार, त्याची दुरुस्ती अठराशे, होल्डर अकरा हजार, हेलिकॉइड बेचाळीसशे, सर्व पेट्या मिळून एक्कावन्नशे आणि किरकोळ पंधराशे. म्हणजे चाळीस हजारांच्या किंचित वर. यातली पहिली पेटी वाया गेली. वजन सव्वा किलो भरते, तर जीडब्ल्यू ६९० मालिकेतला तिसरा कॅमेरा दीड किलोच्या आसपास आहे. लग्नसमारंभ, लहान मुले किंवा रस्त्यावरची धावपळ टिपायची असेल त्यांना मी हा कॅमेरा बांधायचा सल्ला देणार नाही. वाडे, घाट, झाडे आणि डोंगर यांच्यासमोर तिवई लावून वीस मिनिटे उभे राहायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी जरूर बांधावा; आणि पहिला खर्च होल्डरवर करावा, कारण त्याच्या मापावरच पुढची सगळी मापे ठरतात.

दोन गोष्टी अजून सुधारायच्या राहिल्या आहेत. पट्टा अडकवायच्या कड्या मी पेटीच्याच प्लास्टिकमध्ये ठेवल्या, त्यांतल्या एकीला बारीक चीर गेली आहे. तिथे पितळी कडी येईल. आणि डार्क स्लाइडच्या टोकाला मी आता लाल रेशमी फीत बांधली आहे. ती भिंगासमोर लोंबत असेपर्यंत शटरला हात लावायचा नाही, असा नियम आहे. मागच्या तीन रोलांत एकही फ्रेम कोरी गेलेली नाही.